केरी ते केरी

(मंडळाच्या पावसाळी स्नेहमेळाव्यात झालेल्या भाषणाचा मजकूर)



गोव्यात केरी नावाची तीन गावं आहेत. एक फोंडा तालुक्यातली, विजयादुर्गेची. ती आज बाजूला ठेवू. दुसरी पेडणे तालुक्यातली, गोव्याच्या अगदी उत्तर टोकाला, जिथे तेरेखोल नदी समुद्राला मिळते. आणि तिसरी सत्तरीतली, चोर्ला घाटाच्या पायथ्याशी. दुसऱ्या केरीला पाय समुद्रात आणि तिसऱ्या केरीला पाठ सह्याद्रीला टेकलेली. म्हणजे पेडण्यातल्या केरीहून निघायचं आणि सत्तरीतल्या केरीला पोचायचं, की समुद्रापासून सह्याद्रीपर्यंत अख्खा प्रांत आडवा ओलांडून झाला.

आपल्यापैकी अनेकांची मुलं अमेरिकेत आहेत. तिकडे उन्हाळ्यात एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत गाडीनं जायची हौस असते. न्यूयॉर्क ते लॉस एंजेलिस साडेचार हजार किलोमीटर भरतं. आपला गोवा पूर्व-पश्चिम जेमतेम 65 किलोमीटर रुंद. वाकडी वाट करून, फाटे घेत, थांबत थांबत गेलं तरी आमची केरी ते केरी शंभराच्या आसपासच भरली असेल. पण त्या शंभर किलोमीटरला आम्ही दोन दिवस लावले, आणि तेही अपुरेच पडले. यंदाच्या मे महिन्यात मंडळातली सात कुटुंबं, चार गाड्या, तीन आज्या, दोन आजोबा आणि सहा ते पंधरा वयाची नऊ मुलं असा हा लवाजमा होता. त्याबद्दल बोलायला मला इथे उभं केलं आहे.

आधी हे सांगतो की हा प्रवास का काढावासा वाटला. आपण बहुतेक जण नोकरीच्या निमित्तानं गोव्यात आलो. बँका, शाळा-कॉलेजं, सरकारी खाती, औषधांचे कारखाने. कुणाला तीस वर्षं झाली, कुणाला पन्नास. इथेच घरं बांधली, इथेच मुलांची लग्नं केली. आता मुलं पुण्याला, बंगळूरला, परदेशात. आणि नातवंडं सुट्टीत येतात. पूर्वी ती म्हापशाला एस.टी.नं किंवा थिवीला रेल्वेनं उतरायची. जानेवारी 2023 पासून मोपाचा विमानतळ सुरू झाला, आणि नातवंडं आता थेट पेडणे तालुक्यातच उतरतात. उतरतात, धारगळच्या उंच रस्त्यावरून महामार्गाला लागतात, आणि पाऊण तासात आपल्या घरी. पेडण्यात उतरून पेडणे न पाहता! चार दिवस कळंगुट, एक दिवस जुनं गोवं, एक दिवस मॉल, की सुट्टी संपली. मुलं परत जाऊन सांगतात, आजोबा गोव्याला राहतात, तिथे बीच आहे.

यात मुलांचा काही दोष नाही. आपण स्वतः किती गेलो आहोत? पणजीत चाळीस वर्षं काढलेल्या माणसाला मुळगाव कुठे ते विचारा. आपण इथे राहतो, पण इथलं पाहतो ते पाहुण्यांसारखं. म्हणून ठरवलं की यंदा मुलांना गावांतून न्यायचं, आणि स्वतःही जायचं.

निघण्याआधी तीन नियम केले. पहिला, महामार्ग टाळायचा. दुसरा, जिथे थांबू तिथे मुलांपैकी एकानं तिथल्या माणसाला एक तरी प्रश्न विचारायचा. मोबाइलला विचारायचं नाही. तिसरा, दुपारी बारा ते साडेतीन सावलीत. मे महिन्याचं ऊन आणि आमची वयं पाहता हा तिसरा नियम सगळ्यांनी मनोभावे पाळला. मुलांसाठी एक खेळही होता. गाड्यांच्या पाट्या वाचायच्या. जीए 11 म्हणजे पेडणे, 03 म्हणजे बार्देश, 04 म्हणजे डिचोली. पाट्या बदलायला लागल्या की तालुका बदलला असं समजायचं. धाकट्यांना गोव्याचा नकाशा या खेळानंच पाठ झाला.

सुरुवात मात्र आम्ही महामार्गावरूनच केली, कारण पत्रादेवी तिथे आहे. महाराष्ट्रातून येताना गोव्याचं हे पहिलं नाकं. आपण सगळे इथून शेकडो वेळा गेलो असू, झोपेत किंवा परवान्याची कागदं शोधत. 15 ऑगस्ट 1955 ला देशभरातून आलेले सत्याग्रही निःशस्त्र, हातात तिरंगा घेऊन इथून आत शिरले आणि पोर्तुगीज शिपायांनी गोळ्या घातल्या. पंजाबचा कर्नेलसिंग बेनिपाल इथेच पडला. कुठलं पंजाब आणि कुठलं पेडणे! हुतात्मा स्मारकापाशी मुलं गप्प झाली. प्रश्न एकच आला, तोही सात वर्षांच्या मुलीचा: "भारत तर आधीच स्वतंत्र झाला होता ना?" हो बाळ, झाला होता. गोव्याला आणखी चौदा वर्षं लागली. तिच्या आजोबांना ते सांगता सांगता गाडीत अर्धा तास पुरला नाही.

पेडण्यात भगवतीच्या देवळाच्या दाराशी उभे असलेले दोन भलेमोठे हत्ती पाहिले, देशप्रभूंचा वाडा बाहेरून पाहिला. पोर्तुगीज राजवटीत व्हिस्कोंद हा किताब मिळालेलं हे हिंदू घराणं. एक गोष्ट इथे लक्षात ठेवायची. पेडणे आणि डिचोली हे 'नव्या काबिजादी'तले तालुके. बार्देश, तिसवाडी, सासष्टी सोळाव्या शतकातच पोर्तुगिजांकडे गेले. डिचोली गेलं 1781 मध्ये, पेडणे 1788 मध्ये. तोवर इथे सावंतवाडीकर भोसल्यांचा अंमल होता. ही दोन-अडीचशे वर्षांची तफावत अजून डोळ्यांना दिसते. देवळं जागच्या जागी आहेत, आणि देवळातली आरती मराठी, वर्गणीदारांच्या पाटीवरची अक्षरं मराठी, भजन मराठी; आणि पुजाऱ्याच्या घरातली, अंगणातली, भांडणातली बोली कोंकणी. आपल्यातले काही जण या दोन्हींत कोण मोठं यावर तावातावानं बोलतात. पेडण्यातल्या एखाद्या देवळाच्या पायरीवर अर्धा तास बसा. तिथल्या माणसाला दोन्ही आपल्याच वाटतात.

पेडण्याहून पालयेला गेलो, ते एका माणसासाठी. सोहिरोबानाथ आंबिये. पं. जितेंद्र अभिषेकींच्या आवाजातला त्यांचा अभंग आपल्यातल्या प्रत्येकाच्या घरी वाजतो, पण तो लिहिणारा या गावच्या घराण्यातला, हे किती जणांना माहीत होतं? विर्नोड्याच्या सरकारी महाविद्यालयाला त्यांचंच नाव आहे. सोहिरोबांचा जन्म 1714 चा, बांद्याला. तिथे ते कुळकर्णी होते, हिशेब-वह्या सांभाळणारे, आपल्यासारखेच नोकरदार. त्यांची आख्यायिका मुलांना झाडाखाली बसवून सांगितली. सावंतवाडीच्या दरबारातून तातडीचं बोलावणं आलं. सोहिरोबा पायी निघाले. वाटेत इन्सुलीला ऊन चढलं, भूक लागली. जवळ फणस होता, तो फोडून गरे खायला बसले. तेवढ्यात एक बैरागी समोर उभा राहिला आणि आपल्यालाही काही मिळेल का म्हणाला. सोहिरोबांनी गरे पुढे केले. तो बैरागी म्हणजे गहिनीनाथ. पुढे त्यांनी चाकरी सोडली, आणि बांद्याच्या कुळकर्ण्याचा संत झाला.

ही आख्यायिका आहे, इतिहास म्हणून मी ती सांगत नाही. पण पाहा, तातडीचं बोलावणं असलेला माणूस वाटेत थांबला, आणि जे आहे त्यातलं अर्धं अनोळखी माणसाला दिलं. आमच्या सगळ्या प्रवासाला मला यापेक्षा चांगला आशीर्वाद सापडला नसता. मुलांनी त्यातून काढलेला बोध मात्र वेगळा होता. त्यांनी गाडी थांबवून फणस घ्यायला लावला. चार गाड्यांच्या सीटांना लागलेला चीक अजून निघालेला नाही.

मग पहिली केरी. सुरूची झाडं, लांब पुळण, आणि पलीकडच्या टेकडीवर तेरेखोलचा किल्ला. मधे नदी आणि फेरीबोट. तेरेखोल हे गाव मोठं गमतीचं आहे. ते गोव्यात आहे, पण गोव्यापासून नदीनं तोडलेलं. जमिनीवरून जायचं तर महाराष्ट्रातून फिरून जावं लागतं. किल्ला सावंतवाडीकरांचा, 1746 मध्ये व्हाइसरॉयनं तो घेतला. त्याच स्वारीत त्यानं पेडण्यातलाच हळर्ण्याचा किल्लाही घेतला, आणि पोर्तुगालच्या राजानं त्याला 'हळर्ण्याचा मार्क्विस' केलं. आपल्या पेडण्यातल्या एका खेड्याचं नाव लिस्बनच्या दरबारात मिरवत होतं! आणि याच तेरेखोलवर 15 ऑगस्ट 1954 ला आल्फ्रेड आफोंसो यांच्या तुकडीनं तिरंगा लावला. फेरीबोटीवर मुलांनी तांडेलाला प्रश्न विचारला, "तुम्ही रोज किती वेळा महाराष्ट्राजवळ जाता?" तो हसला आणि म्हणाला, "मगे मोजूंक ना रे पुता, नदी एकच."

तिथून किनाऱ्यानं खाली हरमल, मांद्रे, मोरजी. हरमलला मिरच्या घेतल्या, तिथल्या मिरचीला भौगोलिक मानांकन आहे. मोरजीला थंडीत ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात; वनखातं जागा राखतं. मे महिन्यात कासव दिसायचं नाही, पण ती जागा दाखवली. किनाऱ्यावरच्या पाट्या मात्र आम्हाला वाचता येईनात, त्या रशियन भाषेत होत्या. आमच्या एका आजी म्हणाल्या, "बघा, आपण इथे मराठी-कोंकणी करत बसलो आहोत, आणि बोर्ड तिसऱ्याच भाषेत लागले." सगळे हसले, पण जे खरं आहे ते आहे. या पट्ट्यात जमिनी भराभर विकल्या जात आहेत. घेणारा दिल्लीचा असतो, मुंबईचा असतो, कधी आपल्यातलाही असतो. दोन-चार वर्षांत ज्या वाटेनं आम्ही समुद्रावर उतरलो ती वाट राहीलच असं मी सांगू शकत नाही.

मुलांना सगळ्यात जास्त काय आवडलं, तर मीठ. मोरजीहून चोपड्याच्या पुलाकडे येताना आगरवाडा-चोपडे भागात मिठागरं आहेत. भरतीचं पाणी बांध घातलेल्या खाचरांत घ्यायचं, एकातून दुसऱ्यात नेत उन्हानं आटवायचं, आणि शेवटच्या लहान वाफ्यात तळाला मीठ बसलं की लाकडी फावड्यानं ओढून कडेला ढीग करायचे. थंडीत वाफे चोपून तयार होतात, खरं मीठ पडतं मार्च ते मे. वळवाची एक मोठी सर आली की उरलेलं सगळं पुन्हा पाणी. तिथल्या म्हाताऱ्या बाईंनी मुलांच्या ओंजळीत खडे मीठ ठेवलं. आमच्या बारा वर्षांच्या मुलानं विचारलं, हे कोण विकत घेतं? त्या म्हणाल्या, खारं नुस्तें घालायला, नारळाच्या मुळात घालायला. जेवणात आता सगळे पिशवीतलंच घेतात.

मी तिथे मुलांना एक जुनी गोष्ट सांगितली. एके काळी गोव्याचं मीठ बैलांच्या पाठीवरून घाट चढून वर जायचं, आणि वरून धान्य खाली यायचं. 1878 मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज यांच्यात करार झाला. त्यात गोव्याच्या मिठावरचा ताबा वर्षाला चार लाख रुपयांच्या मोबदल्यात इंग्रजांनी घेतला. स्वतःच्या मिठावरचा कर बुडू नये म्हणून शेजाऱ्याचं मीठ दाबलं. 1892 मध्ये तो करार संपला, पण मोडलेला धंदा पहिल्यासारखा काही उभा राहिला नाही. गांधीजींच्या दांडीच्या आधी बावन्न वर्षं मिठाचं राजकारण आपल्या चोपड्याला येऊन गेलं होतं. मुलांनी ते मीठ एका बरणीत भरून घेतलं. दुसऱ्या केरीला न्यायचं, घाटाच्या पायथ्यापर्यंत पोचवायचं, असं त्यांचं त्यांनीच ठरवलं.

आता या प्रवासाचा दोरा सांगतो, ज्यात सगळे थांबे ओवले होते. तो दोरा म्हणजे सात बहिणी. गोव्यात घरोघरी ही कथा आहे, सांगणाऱ्यागणिक थोडी बदलते. सात बहिणी आणि त्यांचा भाऊ खेतोबा या भूमीत आले आणि वेगवेगळ्या गावी राहिले. मोरजाई मोरजीला. केळबाई मुळगावला. महामाया मयेला. लईराई शिरगावला. आणि एक बहीण, मिराबाई, म्हापशाला. ती झाली मिलाग्रीस सायबीण. होय, म्हापशाच्या चर्चमधली. लईराईनं रागाच्या भरात भावाला लाथ मारली आणि पुढे पस्तावून निखाऱ्यांतून चालली, म्हणून शिरगावच्या जत्रेत आजही होमखण पेटतं.

आम्ही मोरजाईपासून निघालो, शिवोलीवरून संध्याकाळी म्हापशाला आलो. शुक्रवार होता, म्हणजे आठवड्याचा बाजार. पावसाळ्याची बेगमी करण्याचे दिवस, पुरुमेंताचे. कांद्यांच्या माळा, सुकी मिरची, सोलं, खारवलेली मासळी, मानकुराद आंबे. बाजारातून सेंट जेरोमच्या चर्चमध्ये गेलो. 1594 चं हे चर्च. ईस्टरनंतरच्या तिसऱ्या सोमवारी सायबिणीचं फेस्त होतं आणि हिंदूही रांगेत तेल घेऊन उभे असतात. शिरगावची लईराई आणि म्हापशाची सायबीण यांच्यात तेला-फुलांची देवघेव चालते. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या पुण्याच्या मुलानं हळूच विचारलं, "म्हणजे देवी आणि चर्चमधली आई सख्ख्या बहिणी?" मी त्याला दारातल्या मेणबत्त्या विकणाऱ्या बाईंकडे पाठवलं, नियमाप्रमाणे. तो परत येऊन म्हणाला, "त्या म्हणाल्या, हो. आणि म्हणाल्या, बहिणी आहेत म्हणून एकमेकींकडे जाऊन राहत नाहीत, पण विचारपूस करतात."

रात्री म्हापशाच्या आपल्या मंडळींनी आम्हाला वाटून घेतलं. कुणाच्या गच्चीवर मुलं झोपली, कुणाच्या ओसरीवर आजोबा. हॉटेल एकही घेतलं नाही.

दुसऱ्या दिवशी अस्नोड्यावरून मुळगाव. पाट्या 03 च्या 04 झाल्या. केळबाईच्या देवळात एक वयस्कर गृहस्थ दिवजं पुसत बसले होते. त्यांनी आमच्यातल्या एका मुलाला विचारलं, "खंयचो रे तूं?" कुठला रे तू? मुलगा गोंधळला. जन्म बंगळूरचा, आई नागपूरची, वडील वाढले पर्वरीत. तो म्हणाला, "माझ्या आजोबांचं घर पर्वरीला आहे." गृहस्थ म्हणाले, "मगे आमचोच मरे!" आणि खाजें काढून त्याच्या हातावर ठेवलं. पर्वरीच्या त्या आजोबांनी चाळीस वर्षांत गोव्यात पुष्कळ मानसन्मान घेतले आहेत. पण या एका वाक्यानं त्यांनी चष्मा काढून पुसला, ते मी पाहिलं.

शिरगावला आम्ही जत्रा होऊन गेल्यावर मुद्दाम गेलो. वैशाख शुद्ध पंचमीची ती जत्रा पाहण्यासारखी आहे, पण लहान मुलांना घेऊन मौज म्हणून जाण्याची ती जागा नाही. धोंड व्रतस्थ राहतात, तळीत न्हातात, आणि मध्यरात्रीनंतर निखाऱ्यांवरून चालतात. गर्दी अफाट. 2025 च्या जत्रेत पहाटे चेंगराचेंगरी होऊन भाविकांचे जीव गेले. श्रद्धा असेल तर जा, नुसती उत्सुकता असेल तर आठवडाभरानं जा. तेव्हा देऊळ शांत असतं, मोगरीचा वास अजून असतो, आणि बोलायला माणसं मोकळी असतात.

आम्ही ज्यांच्याशी बोललो त्यांनी खाणीबद्दल सांगितलं. शिरगाव, मये, डिचोली हा लोहखनिजाचा पट्टा. देवळापासून खाणीचे खंदक दूर नाहीत. ज्या घरासमोर आम्ही पाणी प्यायलो त्या घरातल्या भावाचा ट्रक होता. 2012 मध्ये खाणी बंद झाल्या तेव्हा ट्रक दारात उभा राहिला, कर्जाचे हप्ते थांबले नाहीत. त्याच घरातली वहिनी म्हणाली, बंद झाल्यावर पहिल्यांदा वाळत घातलेले कपडे पांढरे राहिले, मुलांचा खोकला कमी झाला, आणि विहिरीकडे पाहायची हिंमत आली. एकाच घरात, एकाच ओसरीवर, दोन्ही बाजू खऱ्या. अलीकडे लिलावानंतर काही ठिकाणी पुन्हा काम सुरू झालं आहे. पणजीत बसून खाण हवी की नको यावर मत देणं सोपं आहे. मुलांनी त्या दिवशी मत दिलं नाही. एकीनं एवढंच विचारलं, "मग तुमच्या घरात भांडण होतं का?" वहिनी म्हणाली, "जाता बाये. मागीर जेवतांव."

डिचोलीत नमाजगाह पाहिली. संभाजी महाराजांच्या आश्रयाला आलेला औरंगजेबाचा बंडखोर मुलगा अकबर, त्याच्याशी तिचं नाव जोडतात. दुपारची उन्हं मयेला महामायेच्या सावलीत आणि मग तळ्याकाठी काढली, आणि चारच्या सुमारास नार्व्याला गेलो.

सप्तकोटेश्वर. गोव्याच्या कदंब राजांचं कुलदैवत. मूळ देऊळ नदीपलीकडे दिवाडी बेटावर. बहमनी काळात ते मोडलं, विजयनगरच्या माधव मंत्र्यानं पुन्हा उभारलं, सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी पुन्हा मोडलं. तेव्हा भक्तांनी लिंग नदी ओलांडून अलीकडे आणलं, डिचोली महालात, जिथे त्या वेळी आदिलशाहीचा अंमल होता. नोव्हेंबर 1668 मध्ये शिवाजी महाराजांनी इथलं देऊळ बांधायची आज्ञा दिली. दारावरच्या शिलालेखात शके 1590 आहे. 2023 मध्ये सरकारनं देवळाचा जीर्णोद्धार पूर्ण केला. गोल घुमट, पुढे दीपमाळ, आसपास पोफळी आणि माड.

महाराजांचं नाव आलं की आपली छाती फुगते, ते स्वाभाविक आहे. पण मला तिथे बसल्यावर वेगळंच वाटलं. महाराजांच्या आज्ञेच्या आधी शंभरेक वर्षं हा देव कुणी सांभाळला? ज्यांनी रात्रीच्या अंधारात नदी ओलांडली, ज्यांची नावं कुठल्या शिलालेखात नाहीत, त्या गावच्या माणसांनी. आणि त्यांना जागा कुणी दिली? अलीकडच्या गावानं दिली. घर सोडून आलेल्या देवाला नार्व्यानं आपला म्हटलं, आणि आज नार्वे म्हटलं की सप्तकोटेश्वर आठवतो. आपणही घर सोडून आलेलीच माणसं. आपल्यालाही कुणीतरी जागा दिली आहे. तिची ओळख ठेवणं एवढं तरी आपल्याकडून व्हावं.

पुढचं भराभर सांगतो. हरवळ्याची जांभ्या दगडातली लेणी, ज्यांना पांडवांची म्हणतात. शेजारी रुद्रेश्वर आणि उन्हाळ्यात बारीक झालेला धबधबा. साखळीला विठ्ठलाच्या देवळात टेकलो. तिथून शेवटचा टप्पा. माड मागे पडले, रान दाट झालं, हवा गार लागली, आणि दुसरी केरी आली. वर चोर्ल्याचा घाट, बाजूला अंजुण्याच्या धरणाचं खाली गेलेलं पाणी. मुलांनी बरणी काढली. एका घरी पाणी मागितलं होतं, त्या घरच्या आजींना चोपड्याचं मीठ दिलं. आजींनी आत जाऊन सुपातून रातांबे आणले आणि बरणीत भरून दिले. मीठ वर, रानमेवा खाली. शे-दीडशे वर्षांपूर्वीचा व्यवहार आमच्या नऊ पोरांनी दोन मिनिटांत पुन्हा करून टाकला, आणि त्यांना त्यात काहीच विशेष वाटलं नाही. त्याचाच मला जास्त आनंद झाला.

पुढच्या उन्हाळ्यात ज्यांना जायचं असेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. पहाटे निघा. भर उन्हात देवळांचे सोपे आणि झाडं हेच खरे विश्रामधाम. देवळात जायचं म्हणून अंगभर कपडे असू द्या, फोटो विचारून काढा. पाणी घरून न्या, पण एखाद्या घरी मागूनही प्या; पाणी मागितल्याशिवाय या गावांत बोलणं सुरू होत नाही. फेरीबोटीची वेळ आधी विचारा. चार शब्द कोंकणी शिकून जा, चुकले तरी चालतील. आणि नातवंडांना पुढे करा, आपण मागे उभे राहा. आपण विचारलं तर माणसं माहिती देतात. मूल विचारतं तेव्हा गोष्ट सांगतात.

या सगळ्याला घाई का करायची, तेही सांगतो. दगडाची देवळं आणखी दोनशे वर्षं राहतील. पण मिठागरातली ती बाई, दिवजं पुसणारे ते गृहस्थ, ओसरीवरच्या आजी, यांच्यामागून त्या जागी कोण बसणार हे त्यांनाही ठाऊक नाही. मिठागर चालवणाऱ्या बाईंचा मुलगा मोपाला कामाला जातो. आणि आपल्या बाजूनं पाहिलं तर हे सारं दाखवायची आपलीही ताकद किती वर्षं राहणार? या दोन्ही बाजूंची वयं अजून जुळतात, तोवरच हा प्रवास आहे.

सात कुटुंबांनी वाट पाहून ठेवली आहे. चार गाड्यांच्या आठ होऊ देत. नावं कार्यालयात द्यायची आहेत, आणि फणसाच्या चिकासाठी खोबरेल तेल ज्यानं त्यानं आपापलं आणायचं आहे.

गणपतीबाप्पा मोरया!